अंतरपाट खाली आला तेव्हा रचना कुठे होती

गोंदियातल्या माझ्या घराची रस्त्याकडची खोली मी रचना रामटेकेला भाड्याने दिली, तेव्हा तिथे फोटो स्टुडिओ येणार म्हणून मनाची तयारी केली होती. निळा पडदा, प्लास्टिकची फुलं, छत्रीसारखे दिवे. त्यातलं काहीच आलं नाही. एक टेबल, एक संगणक आणि दोन खुर्च्या आल्या. मग तिने अर्धा दिवस घालवून खिडकी घासली.

"पडदा कुठे आहे तुझा?" मी विचारलं.

"खिडकी आहे ना, आजी," ती म्हणाली.

पासपोर्ट फोटोसाठी येणारे लोक त्या रिकाम्या खोलीत बावरायचे. कोणी खांदे ताठ करून विचारायचा, "मॅडम, हसना है क्या?" रचना म्हणायची, "कुछ नहीं करना है, भैया. चाय पिओगे?" हो म्हणावं की नको, याचा तो विचार करत असताना त्याचा फोटो निघालेला असायचा. माणसं तो फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहायची. आपण असे दिसतो हे त्यांना बहुधा पहिल्यांदाच कळत असावं.

ती दवनीवाड्याची. वडील केवळराम आणि आई कलाबाई, थोडी घरची शेती आणि बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवणी-कापणी. बारावी झाल्यावर ती नागपूरला एका नावाजलेल्या फोटोग्राफरच्या हाताखाली राहिली. तिथे लग्नाचं स्टेज मालकाचं असायचं. रचनाला पाठवायचे नवरीच्या खोलीत, स्वयंपाकघरात, म्हाताऱ्या माणसांत. बाई म्हणून तिला कोणी अडवत नसे आणि ती कोणाला "इकडे बघा" म्हणत नसे. साधे मातकट रंगाचे कपडे, कापडी बूट, खिशात फुटाणे. दहा मिनिटांत बायका तिला विसरून जायच्या आणि तिचं काम सुरू व्हायचं. हीच आपली रीत, हे तिला तिथे उमगलं. मग ती परत आली.

तिच्या टेबलावर एकच फोटो असतो. कलाबाई रोवणीच्या चिखलात कमरेवर हात देऊन उभी आहे आणि मान मागे टाकून बाटलीतलं पाणी पिते आहे. कलाबाई एकदा भाजी द्यायला आल्या होत्या. मी फोटोचं कौतुक केलं तर म्हणाल्या, "का सांगू बाई तुमाले, एवढं शिकून आली आन् मायचा फोटो काढला तो चिखलातला. धुतलेलं लुगडं तं नेसू द्याचं होतं." रचना नुसती हसली. फोटो काही तिथून हलला नाही.

मी रोजनिशी लिहिणारी बाई. जे झालं तेच लिहावं, मागाहून त्याला रंग देऊ नये, ही सवय मला जबलपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावली. त्यामुळे या मुलीचं काम मला आवडू लागलं आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा मीच तिचं नाव सुचवलं.

बहीण म्हणजे सावित्रीताई. मी मामांकडे जबलपूरला शिकले, ताई गावातच राहिली, तिथेच दिली गेली. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर तिचं गाव आहे. घर मोठं, माणसं कामाची आणि सगळ्या रीतींवर ताईचा कडक पहारा. तिचा मुलगा केशोराव, सून चंद्रकांता आणि नात पुष्पांजली. लग्न पुष्पांजलीचं.

केशोरावला माझी सूचना फारशी पसंत नव्हती. "मावशी, ती पोरगी फोटोसाठी कोणाले उभंच करत नाही म्हणतात. पाहुण्यांनी आहेर कोणाच्या तोंडाकडे पाहून द्यायचा?"

"नवरा-नवरीच्या," मी म्हटलं.

पुष्पांजलीला मात्र तसेच फोटो हवे होते, आणि या एका बाबतीत चंद्रकांताने नवऱ्याचं ऐकलं नाही. तिचं कारण वेगळं होतं. लग्नाच्या आधी मी रचनाला घेऊन तिकडे गेले, तेव्हा चहा झाल्यावर चंद्रकांताने आम्हा दोघींना माजघरात बोलावलं. मोठा श्वास घेऊन ती रचनाला म्हणाली, "पाहा बाई, आमच्या घरात माय पोरीचं लगन लागताना पाहत नाही. मंगलाष्टक सुरू झाले का तिनं मागं तुळशीपाशी जाचं, पाणी घालत राहाचं. मी मांडवात राहणार नाही. अंतरपाट खाली येते तेव्हा पोरीचं तोंड कसं होते, ते मले पाहाचं आहे. बाकी फोटो नाही निघाले तरी चालन. तेवढा एक दे मले."

दारात पुष्पांजली उभी होती. ती म्हणाली, "त्यापेक्षा आजीले सांग ना, का मी पाहतो म्हणून. या जमान्यात कोण तुळशीपाशी जाऊन बसते?"

"तू सांग ना मंग आजीले," चंद्रकांता म्हणाली. ताईला सांगण्याची हिंमत त्या घरात केशोरावलाही नाही.

रचना सहसा कोणाला शब्द देत नाही. ढग येतात, माणसं मध्ये येतात, असं म्हणून मोकळी होते. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "काकू, तो फोटो मी देईन."

लग्न भर उन्हाळ्यातलं. समोरच्या अंगणात मांडव, मागच्या अंगणात तुळस, आणि दोहोंच्या मध्ये बांबूचा तट्टा उभा केलेला, म्हणजे मांडवातून भांड्याकुंड्यांचा पसारा दिसू नये. मी मागेच खुर्ची टाकून बसले होते. आमचे हे गेल्यापासून अक्षतांच्या वेळी मी मांडवात जात नाही. कोणी नको म्हणत नाही, मीच जात नाही. मागे सावली होती आणि स्वयंपाकी पाणी आणून देत होते. तक्रारीला जागा नव्हती.

सकाळपासून रचना सुरेख काम करत होती. हळद उतरवताना पुष्पांजलीला शिंक आली, ती तिने टिपली. केशोराव एका कोपऱ्यात उभा राहून हिशेबाने जिलेबी खात होता, कारण डॉक्टरांनी बंद केली आहे, तोही सापडला. "हा फोटो घरी नको देऊस," तो म्हणाला. रचना म्हणाली, "काका, अजून एक खा, पहिला पुसते." त्याने खाल्ली. पहिला पुसला की नाही, मला माहीत नाही.

मग मंगलाष्टकं सुरू झाली. चंद्रकांता पाण्याचा लोटा घेऊन मांडवातून निघाली. तट्ट्याच्या कडेला ये-जा करायला ठेवलेल्या वाटेतून मला दिसत होतं, सगळी माणसं पुढे सरकत होती आणि ती एकटी उलट दिशेने, कोणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरत मागे येत होती. रचनाने हे पाहिलं असणार. गर्दीविरुद्ध जाणारं माणूस दिसलं की तिचे पाय आपोआप तिकडे वळतात, तीच तर तिची विद्या. चंद्रकांता तुळशीपाशी पोहोचली आणि तिच्यामागून, हातभर अंतर ठेवून, रचना आली.

मला आधी नवल वाटलं नाही. पाण्याची बारीक धार, चंद्रकांताचे पुटपुटणारे ओठ, डोळे मिटलेले. फोटो चांगलाच होणार होता. पलीकडे गुरुजींचा सूर चढत गेला आणि एकदम माझ्या लक्षात आलं की ही इथे आहे, तर तिथे कोण आहे?

"रचना," मी हळूच म्हटलं, "अगं, अंतरपाट."

तिने कॅमेरा डोळ्याला तसाच ठेवून हाताने मला थांबवलं. "अजून म्हणून राहिले ना ते, आजी. संपू द्या."

इथे तिची चूक सांगायला हवी, कारण ती निष्काळजीपणाची नव्हती. तिने स्वतः घेतलेली लग्नं तोवर सगळी बौद्ध घरांतली होती. त्यांच्याकडे वंदना होते, पंचशील होतं, वधूवर प्रतिज्ञा घेतात, आणि सगळं म्हणून झाल्यावर, शांत झाल्यावर, हार घातले जातात. फोटो काढणाऱ्याला जागेवर जाऊन उभं राहायला वेळ असतो. आमच्याकडची लग्नं तिने नागपुरात शेकड्यांनी पाहिली, पण नवरीच्या खोलीतून. स्टेज मालकाचं होतं. शेवटचा 'सावधान' आणि अंतरपाट यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही जागा नसते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ती विचारायची राहिली होती.

त्याच वेळी चंद्रकांताने डोळे उघडले. तिने एकदा स्वयंपाक्यांकडे पाहिलं. ते कढईत गुंतले होते. माझ्याकडे पाहिलं नाही, कारण मी कायमचीच तिथे असल्यासारखी बसले होते. रचनाकडेही पाहिलं नाही, कारण तिला लोक विसरतातच. लोटा तुळशीच्या ओट्यावर ठेवला, तो लवंडला, तरी तिने पाहिलं नाही. चार पावलांत ती तट्ट्यापाशी गेली, दोन बोटांनी बांबूची पट्टी बाजूला केली, टाचा उंचावल्या आणि फटीला डोळा लावला.

रचनाचा कॅमेरा वाजला.

पलीकडे "सावधान" झालं, अक्षतांचा पाऊस पडला, माणसं ओरडली आणि थोड्या वेळाने बाजा कडाडला. चंद्रकांता दचकून मागे वळली. तिच्यासमोर रचना, डोळ्याला कॅमेरा. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींचेही चेहरे उतरले, पण वेगवेगळ्या कारणांनी. चंद्रकांता लोटा उचलून घाईघाईने पुन्हा पाणी घालू लागली. त्यात पाणी नव्हतं. रचना मांडवाकडे धावली. तिला मी त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं.

ती पोहोचली तेव्हा हार गळ्यात पडून गेले होते.

जेवणाच्या पंगती बसल्या. रचना जेवली नाही. ती मोबाईल असलेल्या प्रत्येक पाहुण्याला गाठून काहीतरी विचारत होती आणि मान हलवत पुढे जात होती. शेवटी माझ्या खुर्चीशेजारी येऊन जमिनीवर बसली.

"सगळ्यांच्या मोबाईलमध्ये एकमेकांचे हात आहेत, आजी. हात आणि मोबाईल. नवरी कोणाच्याच फोटोत नाही."

"आता?"

"नवरदेवाचा एक मित्र म्हणतो, पुन्हा धरू अंतरपाट, दोन मिनिटांचं काम आहे. सगळीकडे करतात म्हणे."

"मग करणार?"

"नाही," ती म्हणाली. "काकूंना ते तोंड पाहायचं होतं. दुसऱ्यांदा धरला तर पुष्पांजली ते तोंड करून दाखवेल. तसं दिलं तर मी त्यांना फसवलं." मग म्हणाली, "त्यांनी एकच मागितलं होतं. बाकी नाही निघाले तरी चालेल म्हणाल्या होत्या. बाकी सगळे निघाले."

मी चंद्रकांताकडे लक्ष ठेवून होते. तीही जेवली नव्हती. रचना दिसली की पदर पुढे ओढायची आणि दुसऱ्या दाराने निघून जायची. ताई वाढप्यांवर ओरडत पंगतीतून फिरत होती. ताईचा आवाज जवळ आला की चंद्रकांता उगीच भांडी मोजायला लागायची. मला दोघींचं दुखणं कळत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही येत होतं. पण मध्ये पडणं माझं काम नव्हतं. मी रचनाला एवढंच म्हटलं, "जाऊन सांगून टाक. विदाईच्या आधी सांग. नंतर त्या रडण्यात तुझं कोण ऐकेल?"

"तुम्ही चला सोबत."

माजघरात चंद्रकांता पुष्पांजलीच्या साड्या पेटीत भरत होती. आम्हाला पाहून ती उठली आणि तिने दार लोटून घेतलं. मग दोघी एकदमच बोलल्या.

"काकू, माझी एक चूक झाली..."

"बाई, तो फोटो कोणाले दाखवला तं नाहीस?"

"कोणता फोटो? फोटोच नाही निघाला ना, काकू."

चंद्रकांता पेटीवर मटकन बसली. "नाही निघाला? देवा. मी सकाळपासून... नाही, दुपारपासून मरून राहिली."

रचनाला काहीच कळेना. तिने मान खाली घालून आपलं म्हणणं पुरं केलं. "अंतरपाटाचा नाही निघाला. मी तुमच्या मागे तुळशीपाशी आले होते. मला वाटलं, वेळ आहे. तुम्ही तेवढा एकच मागितला होता आणि मी तोच घालवला."

"तो होय," चंद्रकांता म्हणाली. "अवो, तो कशाले पाहिजे आता? मी पाहिलं ना."

"काय?"

"पुष्पाचं तोंड. फटीतून सगळं दिसते तिथून, सरळ समोर." आवाज एकदम खाली आणत ती म्हणाली, "कपडा खाली आला, तं तिनं आधी पोराकडं पाहिलंच नाही. इकडं-तिकडं पाहिलं. मले शोधत होती का काय, मालूम नाही. मंग पाहिलं त्याच्याकडं. तो घाबरलेला, घामाघूम. त्याले पाहून तिले हसू आलं. दाबलं तिनं, पण खालचा ओठ असा आत गेला, लहानपणी चोरी पकडली का जायचा तसा. नाक लाल. डोळ्यात पाणी आन् ओठावर हसू. हार टाकताना त्याच्या फेट्याले अटकला, तं हीच पुढं झाली सोडवायले."

रचना ऐकत होती. कॅमेरा मांडीवर, दोन्ही हात रिकामे. "आणि मग?" तिने विचारलं.

"मंग बाजा वाजला आन् मी वळली तं तू." चंद्रकांताने तिच्या दंडावर चापट मारली. "भुतासारखी उभी. मी म्हटलं गेली आता, सासूबाईंले हा फोटो दिसला का माझं काही खरं नाही."

"तो आहे, काकू," रचना म्हणाली. "तो निघाला."

रचनाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो आणून तिच्यापुढे धरला. "तुमचा आहे. ठेवा म्हणाल तर ठेवते, नाही तर आत्ता तुमच्यासमोर पुसते. कोणी विचारणार नाही."

चंद्रकांताने बराच वेळ पाहिलं. पाठमोरी बाई, उंचावलेल्या टाचा, तट्ट्यावर दोन बोटं, ओट्यावर लवंडलेला लोटा, मातीत उतरलेला ओघळ.

"तोंड तं दिसतच नाही," ती म्हणाली. "कोण म्हणन मी आहे म्हणून?"

"सगळे म्हणतील. साडी कोणाची आहे?" मी म्हटलं.

तेव्हा ती हसली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. रचनाही हसू लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. बाहेरून केशोरावने दार ठोकलं, "का चाललं आहे अंदर? गाडी लागली." मग रचनाला पाहून विचारलं, "अंतरपाटाचा आला ना चांगला?"

"नाही आला," चंद्रकांता म्हणाली. "तेव्हा मीच तिले मागं बोलावलं होतं, माझ्या कामाले. जे बोलाचं ते मले बोला."

केशोरावने बायकोकडे पाहिलं. लग्नघरात, विदाईच्या वेळी, मुलीच्या आईशी वाद घालायचा नसतो एवढं त्याला कळतं. "बरं," म्हणून तो गेला.

त्या फोटोचं पुढे काय झालं ते इथेच सांगते. चंद्रकांताने तो ठेवायला सांगितला, फक्त अल्बमात नको म्हणाली. आठ महिने तो साड्यांखाली होता. संक्रांतीला पुष्पांजली माहेरी आली आणि तिने तो सरळ आजीच्या हातात दिला. ताईने चष्मा लावला, फोटो उजेडात नेला, पुन्हा आणला. सगळं घर थांबलं होतं. "लोटा तं सिधा ठेवाचा होता," ताई म्हणाली आणि तिळाची वडी मागितली. आता तो फोटो त्यांच्या फ्रिजच्या वर उभा आहे. म्हणून मी हे लिहिते आहे, एरवी लिहिलं नसतं. लग्नाच्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीत नुसतं ऊन आणि जेवणाचा बेत आहे.

तर विदाई. गाडीत बसल्यावर पुष्पांजली हुंदके देत होती, ताई हुंदके देत होती, शेजारच्या बायका तर आधीपासूनच देत होत्या. चंद्रकांताने रचनाच्या पाठीवर हात ठेवून तिला खिडकीकडे ढकललं. "दाखव तिले. तिलेच, बाकी कोणाले नोको."

रचना खिडकीत वाकली. पुष्पांजलीने ओल्या डोळ्यांनी पडद्याकडे पाहिलं, काय आहे ते तिला क्षणभर कळलं नाही, मग कळलं. तिने मान वर करून गर्दीत आईला शोधलं. चंद्रकांता निर्विकार चेहऱ्याने उभी होती. पुष्पांजलीचा खालचा ओठ आत गेला. नाक लाल, डोळ्यांत पाणी, आणि हसू काही केल्या आवरेना.

रचना तेव्हा खिडकीपासून दोन पावलं मागे सरकली होती. कॅमेरा डोळ्याला होता.

"सासरी जाताना हसते का कोणी," ताई माझ्या कानाशी पुटपुटली. "आजकालच्या पोरी."

गाडी वळणाआड गेली. मग रचनाने कॅमेरा पिशवीत ठेवला, हात धुतले आणि उरलेल्या बायकांच्या पंगतीत जाऊन बसली. चंद्रकांता तिच्या शेजारी बसली. दोघींनी भात घेतला, वरण घेतलं, वांग्याची भाजी दोनदा मागितली. केशोराव स्वतः जिलेबीचं ताट घेऊन आला आणि रचनाच्या पानात वाढून म्हणाला, "तो सकाळचा पुसला ना, बाई?"

"कोणता, काका?" रचना म्हणाली.

संध्याकाळी आम्हाला अर्जुनीहून गोंदियाची गाडी मिळाली. खिडकीजवळची जागा तिने मला दिली. म्हणाली, पुढच्या लग्नाला भाऊ राजदीपला सोबत घेणार, त्याला समोर उभं करणार आणि सांगणार की जमीन फाटली तरी तिथून हलायचं नाही. "आणि मी मागे," ती म्हणाली. मग राजदीपच्या हातात कॅमेरा देणं म्हणजे काय, ते सांगू लागली. वाक्य अर्धं झालं आणि तिचा आवाज थांबला. वळून पाहिलं तर तोंड उघडं टाकून ती झोपली होती. पिशवी मांडीवरून घसरत होती. मी ती माझ्याकडे घेतली आणि गोंदिया येईपर्यंत तिला उठवलं नाही.